चकली दुसऱ्याच दिवशी मऊ पडते? आधी डब्याचं झाकण उलटं करून बघा

तळून काढल्यावर चकली कटकन तुटते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही ठीक असते. आणि भाऊबीजेला नणंदेपुढे ताट ठेवलं की तीच चकली वाकते, चावताना दातांना चिकटते. आमच्या घरी हे वर्षानुवर्षं चाललं होतं. नुसती चकलीच नाही, शेव, खारे शंकरपाळे, चिवडा, सगळंच चार दिवसांत बसायचं. अख्खी रात्र चुलीपुढे बसून केलेला फराळ असा झाला की जिवाला फार लागतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मला कारण सापडायला चार दिवाळ्या लागल्या, तुम्हाला तेवढ्या लागू नयेत.

आधी आमची परिस्थिती सांगते, कारण दोषाचं मूळ तिथेच होतं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, घर शेतीवरचं. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन निघत असतं आणि कापसाचा पहिला वेचा सुरू होतो. दिवसा घरात बाई सापडत नाही. फराळ रात्रीचा होतो, जेवणं उरकल्यावर. जाऊ आणि मी बसतो, सासूबाई साच्याला. गॅस आहे, पण सात-आठ किलोचं तळण चुलीवरच करतो. रात्री एक-दीडला शेवटचा घाणा निघतो, सकाळी परत वावरात जायचं असतं. मग कोपरात, म्हणजे मोठ्या परातीत, पडलेल्या चकल्या तशाच डब्यात भरायच्या, झाकण दाबायचं आणि झोपायचं.

कोजागिरीला भुलाबाईची खिरापत करतो ती त्याच रात्री पोरींच्या पोटात जाते. दसऱ्याच्या पुरणपोळ्याही दोन दिवसांत संपतात. पंधरा दिवस टिकवायचा माल फक्त दिवाळीचा, त्यामुळे टिकवण्याकडे आमचं लक्षच कधी गेलं नव्हतं.

चकली मऊ पडली की पहिला आरोप मोहनावर येतो. सासूबाई म्हणायच्या, "मोहन कमी पडलं असंल वं." पुढच्या वर्षी मोहन वाढवलं, तर चकली तेलातच तुटायला लागली आणि तेलकट झाली. मग भाजणीवर संशय गेला. 2023 ला नवं प्रमाण घेतलं: 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभऱ्याची डाळ, 1 वाटी उडदाची डाळ, पाव वाटी पोहे, वर धणे-जिरे. चकली शेवटपर्यंत कुरकुरीत राहिली. आम्हाला वाटलं, जमलं. 2024 ला तीच भाजणी, तोच साचा, तरी चकली थोडी नरम. आणि 2025 ला तर तिसऱ्या दिवशीच वाकली.

भाजणी तीच होती, बदललं होतं काय? मी कालनिर्णय काढून बसले. 2023 ला लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2024 ला 1 नोव्हेंबरला, 2025 ला 21 ऑक्टोबरला. विदर्भातून पाऊस परततो तो साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे दिवाळी ऑक्टोबरात आली की हवेत ओल असते, जमीन ओली असते, पहाटे दव पडतं. नोव्हेंबरच्या मध्यावर हवा कोरडी होते आणि आपल्या हातच्या चुका झाकल्या जातात. 2023 ला आमची भाजणी नव्हती जमली, हवा जमली होती.

तरी हवा काही आपल्या हातात नाही. हातातली चूक कुठली, ते 2025 ला तळणाच्या दुसऱ्या रात्री कळलं. चकल्या भरून अर्धा तास झाला असेल, मुलानं एक मागितली म्हणून डबा उघडला. झाकण पालथं धरलं, तर आतून बारीक बारीक थेंब, पावसाळ्यात काचेवर येतात तसे. बोट फिरवलं, बोट ओलं झालं. सासूबाईंनी कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरला आणि म्हणाल्या, "माय वं, हे तं डब्यातच पाऊस पडून रायला. गरमच भरल्या काय तू?"

हो, गरमच भरल्या होत्या. वरून हाताला कोमट लागत होत्या, पण ढिगाच्या मध्ये चांगली ऊब होती. गरम चकलीतून वाफ निघतच असते. झाकण लावलं की ती बाहेर जात नाही, गार स्टीलला लागून तिचं पाणी होतं आणि तेच पाणी परत चकलीवर उतरतं. डबा जितका घट्ट, तितका घात जास्त.

तरी खात्री करायची म्हणून तिसऱ्या रात्री एकाच घाण्याच्या चकल्या तीन ठिकाणी ठेवल्या. एक वाटा गरम असतानाच डब्यात. दुसरा वाटा घरात, कोपरावर धुतलेलं सुती पातळ अंथरून, एकावर एक न ठेवता, तीन तास. तिसरा वाटा अंगणात बाजेवर, कापड झाकून, रातभर. माझी खात्री होती की तिसरा वाटा सगळ्यांत चांगला राहील, कारण त्याला भरपूर हवा मिळाली होती. सकाळी पाहिलं तर तोच आधी मऊ झालेला. वरचं कापड हाताला गार आणि दमट लागत होतं. दव! घरातला दुसरा वाटा मात्र आवळी नवमीपर्यंत, म्हणजे दहा-बारा दिवस, कटकन तुटत होता.

म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते. लवकर भरलं तर आतली वाफ मारते, उशिरापर्यंत उघडं ठेवलं तर बाहेरची ओल मारते. घरात, भिंतीपासून दूर, पसरून दोन ते तीन तास, आणि पहाट व्हायच्या आत डब्यात. चकली उचलून ओठाला लावून बघायची. बोटांना तळणाची सवय झालेली असते, बोटं फसवतात, ओठ फसवत नाहीत. जराही कोमट लागली तर भरायची नाही.

त्यासाठी आता आम्ही तळण रात्री दहाला नाही, सातला सुरू करतो. स्वयंपाक त्या दिवशी खिचडीचा. शेवटचा घाणा अकराच्या आत निघतो आणि दोनच्या सुमारास कुणीतरी उठून डबे भरतं. त्या एका कामाची पाळी लावली आहे, त्यात घरच्या पुरुषांचीही पाळी आहे.

आच आणि बुडबुडे

पूर्ण गार करून भरूनही मऊ पडत असेल, तर पाणी चकलीच्या आतच राहून गेलेलं आहे. याचं कारण आमच्या भागात बहुतेक वेळा जळण असतं. गेल्या हंगामाची पऱ्हाटी आणि तुराटी, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या, घराघरात रचलेली असते. भाकरीला ती उत्तम, पण तळणाला वाईट. भसकन पेटते, मोठा भडका देते आणि लगेच बसते. भडक्यात तेल जास्त तापतं, चकली दोन मिनिटांत लाल होते, आपण रंग बघून काढतो आणि आतलं पीठ ओलंच राहतं. ते ओलेपण रात्रीतून बाहेरच्या थरात येतं आणि सकाळी सगळी चकली नरम.

रंगावर जाऊ नका, बुडबुड्यांवर लक्ष ठेवा. चकली तेलात सोडली की फेसच फेस येतो, जोराचा चर्र आवाज होतो. तो फेस म्हणजे पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आहे. पाणी संपत आलं की बुडबुडे बारीक होतात, विरळ होतात, आवाज खाली उतरतो. चकलीभोवती एखाद-दुसराच बुडबुडा राहिला की मग काढायची. मंद-मध्यम आचेवर याला पाच ते सात मिनिटं लागतात. तळणाच्या रात्री आम्ही बाभळीचं जाड लाकूड लावतो, पऱ्हाटी फक्त पेटवण्यापुरती. गॅसवर करत असाल तर हा प्रश्न निम्मा सुटतो, फक्त एका वेळी कढई गच्च भरू नका. खूप चकल्या एकदम सोडल्या की तेल गार होतं आणि चकली तेल पिते.

पहिल्या घाण्यातली एक चकली पूर्ण गार करून मोडून बघा. तुटलेल्या तोंडाशी आतपर्यंत एकच रंग आणि बारीक जाळी दिसली तर ठीक. मध्ये गडद, चकाकणारी रेघ दिसली तर आत ओल आहे, पुढच्या घाण्याला आच कमी करा. काढलेला घाणा मंद आचेवर परत सोडून सावरता येतो, पण त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी नाही.

मोहन वाटीला दोन चमचे, कडकडीत. पाणी एका वाटी भाजणीला पाऊण ते एक वाटी, पीठ नवं-जुनं कसं आहे त्यावर. याच्या पुढे प्रमाणाचा फार काथ्याकूट करण्यात अर्थ नाही असं माझं आता मत झालं आहे.

एक गोष्ट मात्र भाजणीची आहेच. धुतलेले तांदूळ-डाळी वरून सुकलेले दिसतात, पण आत दमट असतात. ऑक्टोबरात सावलीत दोन दिवस वाळवा, मग भाजा. आणि गिरणीतून पीठ आणलं की ते गरम असतं. घरी येताच पिशवीतून काढून कोपरात पसरा. आमच्याकडे गिरणीचं पीठ थेट डब्यात जायचं, तिथेही झाकणाखाली हाच घाम यायचा.

बाकीचा फराळ

चिवड्यात ओल येते ती कढीपत्त्यातून आणि खोबऱ्याच्या कापांतून. पानं पुसून कोरडी करा आणि तेलात वाजेपर्यंत तळा, नुसती हिरवी चकाकली म्हणून काढू नका. पोहे दुपारच्या उन्हात दोन-तीन तास घाला. मीठ आणि पिठीसाखर चिवडा कोमट असताना, फार गरम असताना नाही. मीठ हवेतली ओल ओढतं, साखरही ओढते, आणि गूळ या दोघांपेक्षा जास्त ओढतो. म्हणून गुळाचे शंकरपाळे साखरेच्या शंकरपाळ्यांआधी नरम होतात. ते आधी खायला काढा, त्यात तुमची काही चूक नाही.

चिवडा आणि चकली एका डब्यात कधीच नको. कानोल्यांच्या (करंज्यांच्या) डब्यात तर खारं काहीच नको, सारणातलं खोबरं लवकर खवट होतं आणि त्याचा वास सगळ्याला लागतो.

अनारसे तुपात हसले, म्हणजे फुटून पसरले, तर तो वेगळा आजार आहे. तिथे गोड जास्त झालेलं असतं, दूध किंवा केळं जास्त पडलेलं असतं, नाहीतर तूप पुरेसं तापलेलं नसतं. आधी एकच अनारसा सोडून बघा. हसला तर तूप थोडं तापवा. तरी हसला तर त्याच भिजवलेल्या तांदळाचं राखून ठेवलेलं पीठ थोडं मिसळा. म्हणून अनारशाचं सगळं पीठ एकदम गुळात कालवू नये, मूठभर बाजूला ठेवावं. कालवलेल्या पिठाचे उरलेले गोळे कोरड्या बरणीत घट्ट झाकून महिनाभर सहज राहतात.

आणि डबा उघडण्याचं. पाडव्याला आमच्या गावात गायगोधन असतं. गाई रंगवतात, गोवारी मंडळी ढाल घेऊन नाचत येतात, दिवसभर दारात माणसं असतात आणि सगळ्यांच्या हातावर फराळ ठेवायचा असतो. त्या एका दिवशी मोठा डबा वीस वेळा उघडायचा, प्रत्येक वेळी ओली हवा आत. आता गायगोधनाचा फराळ आदल्या रात्रीच एका लहान डब्यात वेगळा काढते. मोठ्या डब्याला त्या दिवशी हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

मऊ पडलाच असेल तर

मऊ चकली कडक तेलात पुन्हा तळू नका. तेल पिते आणि करपते. चुलीवरचा स्वयंपाक संपला की निखारे राखेखाली सारा आणि वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, जाड बुडाचा गंज (पातेलं) ठेवा. त्यात चकल्या एका थरात मांडा, झाकण न लावता वीस-पंचवीस मिनिटं. मध्ये एकदा उलटा. गॅसवर जाड तवा अगदी मंद ठेवूनही होतं. काढल्यावर पसरून गार करायच्या, हे आलंच. चिवड्याला तर आपलं ऑक्टोबरातलं दुपारचं ऊनच पुरतं, कोपरात पातळ पसरून दोन तास.

हे मऊपणाला. खवटपणाला उपाय नाही. वास बदलला असेल, घशाला खरखर लागत असेल, तर तिखट-मीठ वाढवून तो फराळ खपवू नका, पोरांना तर मुळीच देऊ नका. आमच्याकडे असं टाकताना हात धजत नाही, मला कळतं. पण खराब झालेलं तेल पोटात घालण्यापेक्षा ते नुकसान लहान आहे.

आता चांगला पण उरलेला फराळ. भाऊबीज झाली, पाहुणे गेले, डब्याच्या बुडाशी चुरा आणि तुकडे राहिले की घरात कुणी त्याला हात लावत नाही. आमच्याकडे तो आठ दिवसांत संपतो, आणि आवडीनं संपतो.

मऊसर चिवड्याचा कच्चा चिवडा करावा. बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, भरपूर सांभार (कोथिंबीर), मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे), वर थोडं कच्चं तेल, तिखट आणि लिंबू. कांद्याच्या पाण्यानं चिवडा तसाही नरम व्हायचाच असतो, त्यामुळे आधीचा मऊपणा इथे दोष राहत नाही. वेच्याच्या दिवसांत बायांसोबत वावरात न्याहारीला मी हाच नेते, कांदा-मिरची वेगळी बांधून, तिथेच कालवायची. संध्याकाळी पाहुणा आला तर गावरान हरभरे शिजवून पातळ, झणझणीत तर्री करायची आणि बशीतल्या चिवड्यावर ओतायची. नागपूरकडे तर्री-पोहे खाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

मोडलेल्या चकल्यांचा रस्सा. कांदा आणि सुकं खोबरं चुलीत भाजून, लसूण-आलं-खसखस घालून वाटण करा, तेलात तेल सुटेपर्यंत परता, तिखट, मसाला, गरम पाणी. मीठ नेहमीच्या निम्मं, कारण चकलीत मीठ आहे. रस्सा चांगला उकळला की ताटात आधी चकलीचे तुकडे ठेवा आणि वरून रस्सा ओता, जेवायला बसल्यावरच. भांड्यात घातले तर पाच मिनिटांत फुगतात आणि रश्शाचं पिठलं होतं. चार माणसांना आठ-दहा चकल्या पुरतात. पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा करायला वेळ नसतो त्या दिवशी माझ्या घरात यावर ज्वारीच्या भाकरी कमी पडतात.

लाडू कडक झाले असतील तर फोडून, गरम दुधाचा हबका मारून परत वळता येतात. पण दूध लागलं की ते दोन दिवसांतच संपवायचे. बेसनाचे लाडू तुपानं बसले असतील तर मोडून पुरणासारखे पोळीत भरा, फार छान पोळी होते. कानोल्यांचं उरलेलं सारणही पोळीत जातं. उरलेल्या पुरणाची दुधात खीर करायची तर दूध विस्तवावरून उतरवून थोडं निवू द्या आणि मग पुरण घाला, नाहीतर गुळानं दूध फाटतं. सणाचे उरलेले वडे दुसऱ्या दिवशी कढीत सोडावेत, हे सगळ्यांना माहीतच आहे.

भाताबद्दल मात्र सावध राहा. सणाला भात गंजभर होतो आणि झाकून रातभर बाहेर राहतो. भातात एका प्रकारचे जंतू असतात, त्यांची बीजं शिजवूनही मरत नाहीत. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष सकाळी फोडणी देऊन जात नाही. दोन तासांच्या आत पसरून गार करून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. फ्रिज नसेल किंवा रात्री लाइन जात असेल तर भात मोजूनच टाका.

तळणाचं तेल गार झालं की पातळ फडक्यातून गाळा, बुडाचा काळा गाळ फेकून द्या. उरलेलं तेल भाजीच्या फोडणीला एक-दोन दिवसांत संपवा, त्यात पुन्हा तळण करू नका. पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 1 जुलै 2018 पासून मर्यादाच घातली आहे. त्यातले बिघडलेले घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यात वापरायचं नाही. घरी ते मोजता येत नाही, पण तेल दाट-काळं झालं, तापवताना फेसाळलं किंवा लवकर धूर देऊ लागलं की समजायचं.

2026 ला ज्येष्ठ अधिक असल्यामुळे दिवाळी पुढे सरकली आहे, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. हवा साथ देईल. तरी डबे आताच काढून ठेवा. झाकणाच्या कडेच्या खाचेत गेल्या वर्षीचं तेल चिकटलेलं असतं, तिथे नाक लावून वास घ्या. खवट वास आला तर गरम पाणी आणि राखेनं खाच घासा, आणि डबा-झाकण वेगवेगळं, पालथं न घालता, दिवसभर उन्हात ठेवा.